माझ्या हाताला झाड लागत नाही, असं कृपा करून म्हणू नका

गेल्या आठवड्यात मावसबहीण मुंबईहून रत्नागिरीला आली होती. अंगणातलं बेसिल, म्हणजे तुळशीसारखं सुवासिक पानांचं रोप, बघून म्हणाली, "ताई, माझ्या हाताला झाडच लागत नाही गं. तीन कुंड्या आणल्या, तिन्ही पंधरा दिवसांत गेल्या." बोलताना तिचा चेहरा खरंच उतरला होता. हेच वाक्य मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलंय की आज सविस्तर लिहायला बसले.

दुकानातून आणलेल्या बेसिलच्या कुंडीत एकदा बुंध्याशी बोटं घालून बघा. ते एक झाड नसतंच. मी पहिल्यांदा मोजली तेव्हा २१ रोपं निघाली, चहाच्या पेल्याहून जराशा मोठ्या कुंडीत! कुंडी भरगच्च दिसावी म्हणून बी दाट पेरतात. पॉलिहाऊसमध्ये मोजून पाणी आणि खत मिळतं तोवर ती तगतात. घरी आली की तेवढ्याशा कुंडीत २१ तोंडं. मग खालची पानं पिवळी, मधल्या काड्या काळ्या, आणि दोष मात्र आपल्या हाताला.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. शेजारच्या काकू, ज्यांचं सगळं आयुष्य भातशेतीत गेलं, त्यांनी ती कुंडी नुसती बघितली आणि म्हणाल्या, "अगो, ह्यो तरवा हाय. लावणी केल्याशिवाय भात व्हतो काय?"

कोकणातल्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं? तरवा, म्हणजे भाताची कोवळी रोपं, दाटच पेरतात, आणि तो उपटून लावतात. बाजारातली कुंडी म्हणजे तरवा. तिची लावणी करायची.

आणल्या आणल्या मात्र हात लावू नका. तीन-चार दिवस पडवीत सावलीला राहू दे, आपल्या हवेची सवय होऊ दे. मग भरपूर पाणी देऊन तासाभराने गड्डा बाहेर काढा आणि हाताने हळूच चार भाग करा. थोडी मुळं तुटतात, तुटू देत. प्रत्येक भागातली जोमदार चार-पाच रोपं ठेवून मरतुकडी काढून टाका. त्यांची पानं चटणीत जातात. मातीची कुंडी असेल तर उत्तमच, तिच्या अंगातून पाणी झिरपून उडतं. आपली तांबडी माती, चांगलं कुजलेलं शेणखत आणि नदीची वाळू घ्या. किनाऱ्यावरची वाळू अजिबात नको, तिच्यात मीठ असतं. तळाला खडीचा थर देण्यापेक्षा जांभ्याचे बारीक खडे मातीतच मिसळा. भोकावर खापरीचा एक तुकडा पुरे.

आता पाणी. माझ्या मते निम्म्याहून जास्त कुंड्या प्रेमाने मरतात. दुकानातली रोपं बहुतेक कोकोपीटमध्ये असतात, म्हणजे आपल्याच नारळाच्या सोडणांचा भुसा. तो वरून कोरडा दिसतो आणि आत ओलागच्च असतो. पानांनी मान टाकली की आपण धावत पाणी घालतो. पण मुळं कुजली तरी पानं तशीच मान टाकतात, कारण कुजलेलं मूळ पाणी ओढूच शकत नाही. म्हणून आधी बोट पेरभर आत घाला, किंवा कुंडी उचलून बघा. हलकी लागली तर पाणी, जड लागली तर थांबा. मे महिन्यात भर दुपारी बेसिल हटकून मलूल होतं आणि संध्याकाळी स्वतःच सावरतं. खालच्या बशीत साचलेलं पाणी मात्र ओतून द्या.

बेसिल तुळशीच्याच कुळातलं, आणि आपण फालुद्यात घालतो तो सब्जा तर बेसिलच्याच जातीचं बी. त्यामुळे त्याची निगा आपल्याला आधीच येते. तुळशीच्या मंजिऱ्या खुडतो तशा याच्याही खुडायच्या. पानं एकेक ओरबाडू नका, जोडपानाच्या जरा वर शेंडा खुडा; तिथून दोन फांद्या फुटतात. खुडलेली काडी पाण्यात ठेवली तर आठ-पंधरा दिवसांत मुळं धरते. हे रोप फार वर्षं जगणारं नाही, म्हणून मी सतत नव्या काड्या लावत असते.

रोजमेरी या सुवासिक पानांच्या परदेशी झुडपाची गोष्ट वेगळी, आणि तिच्यासाठी मला फार वाईट वाटतं. ती भूमध्य समुद्राच्या काठची, खाऱ्या वाऱ्याची तिला सवय. तिकडे उन्हाळा कोरडा आणि पाऊस थंडीत. आपल्याकडे उकाडा आणि पाऊस एकत्र, तोही वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर! माझी पहिली रोजमेरी पागोळ्यांखाली राहिली आणि आषाढ संपायच्या आत गेली. आता मृगाच्या आधीच रोजमेरी आणि तिच्यासारखंच कोरडी हवा आवडणारं थाईम पडवीत भिंतीलगत आणते, उजेड आणि वारा लागेल अशा जागी. जुलैत आठ-दहा दिवसांतून एकदा बोटाने चाचपून वाटीभर पाणी, बस.

पुदिन्याला पसरट, उथळ कुंडी द्या, तो स्वतःच धावतो. कोथिंबिरीचा जीव लावून घेऊ नका. तिचं सोटमूळ हलवलेलं तिला सोसत नाही आणि उन्हाळ्यात ती चटकन फुलावर येते. धणे चिरडून थोडे थोडे पेरत राहा.

दुकानदारांकडे माझं एकच मागणं आहे. दीड-दोनशे रुपये घेता, तर कुंडीवर "घरी नेऊन चार भाग करा" एवढी चिठ्ठी लावा. माणसं स्वतःला दोष देत घरी बसतात, हे बरोबर नाही.

आणि ज्यांना यातलं काहीच जमणार नाही असं वाटतं, त्यांनी पानओव्याची एक काडी मातीत खोचावी. त्याची भजी होतात, खोकल्याला काढा होतो, आणि मुलांना पान चुरगळून वास घ्यायला फार आवडतं.

बहिणीला जाताना मुळं फुटलेल्या बेसिलच्या चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. काल तिचा फोटो आला, तीन उभ्या आहेत.