इंद्रभुवन इंग्रजांचं नाही ओ!

सोलापूरवरचा तुमचा बाकी लेख मस्त, पण सोलापूर महापालिकेच्या इंद्रभुवनला 'ब्रिटिशांनी बांधलेली इमारत' म्हटलंय ते खटकलं. कमानी, खांब आणि विलायती धाटणी दिसली की आपण डोळे झाकून इंग्रजांच्या नावावर टाकतो. हा अप्पासाहेब वारदांचा राहता वाडा होता की ओ, इथल्याच एका लिंगायत घरानं हौसेनं बांधलेला, आणि महापालिका तर 1964 ला झाली, म्हणजे ऑफिस तिथं नंतर आलं. जन्माच्या दाखल्यासाठी लायनीत थांबायची वेळ आली तेव्हा मान वर करून ती नक्षी बघत बसलो, पानाफुलांची वळणं चुन्यात इतकी नाजूक काढलीत की नंबर कधी आला कळलंच नाही.

आणि एवढा पैसा गावात आला कुठून हे लेखात पाहिजे होतं. 1860 ला रेल्वे आली, पुढं कापूस थेट मुंबईला जायला लागला, 1877 ला 'जुनी मिल' ही कापडगिरणी सुरू झाली, मग व्यापाऱ्यांकडं असले वाडे बांधण्याइतका पैसा खेळायला लागला. दयानंद कॉलेज 1940 चं, संगमेश्वर त्याच्याही नंतरचं, म्हणजे तुम्ही म्हणता तसं शिक्षणामुळं सोलापूर मोठं झालं असं नाही, आधी गिरणीचा भोंगा वाजला आणि कॉलेजची घंटा त्याच्या लई मागनं. भुईकोट किल्ला एका ओळीत उरकलात ते तर अजिबात पटलं नाही, बहमनी काळातला आहे तो, त्याच्यावर वेगळा लेख टाका.