वॉशर आणि वायसर

काल दुपारी मी एका अनोळखी गृहस्थांच्या स्कूटरवरील रेडियमच्या एका ओळीचे २२० रुपये भरले. उडाले होते ते एकच जोडाक्षर. परंतु रेडियमवाला सुटे अक्षर विकत नाही, ओळच्या ओळ विकतो, हे ज्ञान मला भर उन्हात आणि चार माणसांसमक्ष प्राप्त झाले. मी खरे तर घरासाठी पेट्रोलवर चालणारे प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने घाण काढणारे यंत्र, पाहायला गेलो होतो. ते अद्याप घेतलेले नाही.

आमचे घर जुळे सोलापुरात आहे. पुढे शहाबादी फरशीचे अंगण, त्याच्या कडेला कडुनिंब. निंबोळ्या पिकल्या की त्यांचा चिकटा फरशीवर बसतो, आणि पहिला पाऊस झाला की काळ्या मातीचा चिखल गाडीच्या चाकांबरोबर आत येऊन जो वाळतो, तो सिमेंटशी रक्ताचे नाते सांगू लागतो. खराट्याने तो निघत नाही, हे मी तीन वर्षे स्वतःच्या कमरेवर सिद्ध केले आहे. केवळ मोटार धुण्यापुरते विजेवरचे यंत्रही पुरते, हे मला मान्य आहे. पण आमच्याकडे पंधरा अँपिअरचा एकमेव सॉकेट स्वयंपाकघरात आहे, आणि तेथून ओल्या अंगणापर्यंत वायर ओढण्याच्या माझ्या योजनेवर सौभाग्यवतींनी दिलेला अभिप्राय येथे लिहिण्याजोगा नाही. तेव्हा पेट्रोल. आईला मात्र हा खर्च शेवटपर्यंत कळला नाही, कारण ‘प्रेशर’ या शब्दाला आमच्या घरात दोनच अर्थ आहेत, एक कुकर आणि दुसरा सकाळची गोळी.

नव्या पेठेकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाण्याच्या मोटारी, पंप आणि नळाचे सामान विकणारे एक दुकान आहे. तेथे जाऊन मी वॉशर पाहिजे असे म्हटले, तर काउंटरमागच्या पोराने मान वर न करता विचारले, “अर्धा इंची का पाऊण?”

“मला बी त्योच पायजे,” असा आवाज शेजारून आला, आणि माझ्या दुर्दशेचा आरंभ झाला.

शेजारी एक काका उभे होते. पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि उजव्या हाताच्या चिमटीत नळाचा एक झिजलेला वायसर, जो त्यांनी नमुना म्हणून आणला होता आणि जो ते सराफाला हिरा दाखवावा तसा उजेडाकडे धरत होते. त्या वायसरची किंमत पाच रुपयांहून अधिक नसावी. त्याच्या खरेदीसाठी ते माझ्या आधी आले होते आणि, मागाहून कळले त्याप्रमाणे, दुकान बंद होईपर्यंत थांबण्याची त्यांची तयारी होती. मला हवे ते वॉशर निराळे, त्याला इंजिन असते, हे कळताच त्यांनी स्वतःचा वायसर सदऱ्याच्या खिशात ठेवला, स्टूल ओढले आणि माझ्या खरेदीची सूत्रे हाती घेतली. मालकांनी माझ्यासाठी सांगितलेला चहाही त्यांनी हाती घेतला.

“किती पाणी पितंय ओ हे?”

“मिनिटाला नऊ लिटर.”

“आन नळाला पाणी कितव्या दिवशी येतंय तुमच्याकडं?”

“पाचव्या.”

“टाकी?”

“हजार लिटरची.”

काकांनी डोळे मिटले. पोराने हातातले काम थांबवले. “एकशे अकरा मिनिटं,” काका डोळे उघडून म्हणाले. “मग फुडचे चार दिवस काय करणार ओ साहेब? पेट्रोलनं आंघोळ?”

दुकान हसले. मीही हसलो, कारण अशा वेळी न हसणारा माणूस अधिक हास्यास्पद दिसतो. मग मी त्यांना समजावून सांगितले की उघडा पाइप धरून अंगण धुतले तर मिनिटाला पंधरा लिटरांहून अधिक पाणी सहज जाते, आणि हे यंत्र नऊ लिटरांत तेच काम कितीतरी लवकर करते. म्हणजे ही वास्तविक पाण्याची बचतच आहे. काकांनी हे अतिशय शांतपणे ऐकून घेतले.

“पण पाइपनं धुतंय कोण?” त्यांनी विचारले. “आमच्या हिच्या हातात पाइप दिला तर ती आधी मला धुईल. बादली घ्या की एक, आन खराटा.”

मला राग काकांचा आला नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. पण त्यांच्या गणिताचा अधिक आला, कारण ते बरोबर होते. पावसाळ्यात उजनी धरण काठोकाठ भरल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर येतात आणि त्याच सकाळी आमच्या नळातून केवळ एक दीर्घ उच्छ्वास बाहेर पडतो. या गावात अंगण धुण्याची इच्छा बाळगणारा मनुष्य चैनखोर ठरतो, त्याला कोणीही परका माणूस टाकीचे माप विचारू शकतो, आणि त्यालाही उत्तर देणे भाग वाटते. मी रात्री दोन वाजता उठून टाकी भरतो. त्या टाकीचा हिशेब मी स्टुलावरच्या माणसाला का द्यावा? पण दिला.

पाण्याचा विषय टाळावा म्हणून मी मालकांना पंपाचे विचारले. यंत्राच्या अंगावर लाल अक्षरांत ‘३००० पीएसआय’ असा दाबाचा आकडा लिहिला होता. दुचाकीच्या चाकात आपण तीसेक पीएसआय हवा भरतो, तेव्हा हा आकडा कोणाचीही छाती दडपून टाकील; परंतु तो बहुधा कमाल दाब असतो, काम करतानाचा नव्हे, आणि दाबाइतकेच महत्त्व मिनिटाला किती पाणी बाहेर पडते याला असते. दाब घाण सुटी करतो, पाणी ती वाहून नेते. शिवाय यंत्र किती वर्षे टिकेल हे त्या लाल आकड्यावर नव्हे तर आतल्या पंपावर अवलंबून असते, आणि पंपाचे नाव मात्र कोणी लाल अक्षरांत लिहीत नाही.

“पंप कोणता आहे यात?” मी विचारले.

“चांगला आहे.”

“तसं नव्हे. वॉबल, ॲक्सिअल की ट्रिप्लेक्स?”

मालक क्षणभर विचारात पडले. “इम्पोर्टेड आहे,” ते म्हणाले.

“साहेबांना तीनमधलं एक सांगा की ओ,” काका म्हणाले. “परीक्षा घ्यायलेत ते.”

वस्तुतः प्रश्न साधा होता. वॉबल पंपात एक तिरकी तबकडी डुगडुगत दट्टे दाबत राहते. तो स्वस्त असतो आणि बिघडला की बहुधा टाकूनच द्यावा लागतो. ॲक्सिअल त्याच जातीचा पण हाडापेराने मजबूत. ट्रिप्लेक्समध्ये इंजिनासारखा क्रँकशाफ्ट आणि तीन दट्टे असतात, त्याची सीले बदलता येतात आणि तो नीट सांभाळला तर वर्षानुवर्षे चालतो. अर्थात तो जड आणि महाग असतो. महिन्यातून दोनदा अंगण धुणाऱ्याला ॲक्सिअल पुरे, हे मी पंधरा दिवसांच्या अभ्यासाअंती ठरवले होते. आता फक्त समोरच्या यंत्रात तो आहे की नाही, एवढेच कोणीतरी सांगायचे बाकी होते. ते कोणी सांगितले नाही. माहितीपत्रकात इंजिनाचे १९६ सीसी, चाकांचा व्यास आणि रंग एवढे दिले होते.

“आणि पंपाचं सील गेलं तर?”

“पुण्याहून मागवू की.”

“इथं मिळत नाही?”

“साहेब, यंत्र पाठवावं लागतं पुण्याला. आठ-पंधरा दिवस.”

सोलापुरात बिघडलेले प्रत्येक यंत्र आणि शिकलेला प्रत्येक मुलगा अखेर अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला जातो. आमचा गेला त्याला सहा वर्षे झाली. तो निदान दिवाळीला येतो. यंत्राची तेवढीही खात्री नाही. मी हे मोठ्याने बोललो नव्हतो, तरीही काका म्हणाले, “माझा बी तिकडंच हाय,” आणि प्रथमच दुकानात कोणी हसले नाही. मला त्यांच्याविषयी जी किंचित आपुलकी वाटली, तिची मुदत सुमारे चार मिनिटांची होती.

कारण पाचव्या मिनिटाला त्यांनी डेमो मागितला. माझ्या वतीने.

डेमोसाठी पेट्रोल हवे होते. पंपावर बाटलीत पेट्रोल देत नाहीत, म्हणून पोराने कोणालाही न विचारता माझ्या मोटारसायकलची नळी काढून डब्यात धार लावली. दोरी ओढायला तो वाकला, तेवढ्यात मी विचारले की इंजिनात ऑइल घातले आहे का, कारण नवी यंत्रे बहुधा ऑइलशिवायच येतात आणि तशीच चालवली तर जन्मताच मरतात. पोराने पट्टी ओढून पाहिली. ती कोरडी ठणठणीत होती. माझ्या पंधरा दिवसांच्या अभ्यासाला आलेले हे एकमेव फळ.

“बघा,” काका मालकांना म्हणाले, “मी काय म्हणालो?” ते काहीही म्हणाले नव्हते.

ऑइल आले. मागच्या अंगणातून पाण्याचे दोनशे लिटरचे पिंप गडगडत आले. यंत्र असा आवाज करीत सुरू झाले की शेजारच्या तीन दुकानांतील माणसे रस्त्यावर आली, आणि काकांनी स्वतःची स्कूटर, जी गेल्या पावसाळ्यापासून कोणीही धुतलेली नसावी, अत्यंत नैसर्गिकपणे आणून यंत्रासमोर उभी केली. “कशावर तरी मारून बघायलाच पायजे की ओ,” ते म्हणाले.

मग ते गर्दीला यंत्राविषयी सांगू लागले. बंदूक माझ्या हातात, खटका सोडलेला, इंजिन धडधडते, आणि काका मिनिटाला नऊ लिटर या विषयावर बोलत आहेत. खटका सोडून इंजिन चालू ठेवले की पाणी पंपातल्या पंपात फिरत राहते आणि तापते. चांगल्या पंपाला साठ अंशांच्या आसपास उघडणारा एक व्हॉल्व्ह असतो, जो गरम पाणी बाहेर सोडून देतो; सोलापुरात उन्हाळ्याच्या दुपारी पिंपातले पाणी मुळातच निम्म्या वाटेवर असते, ही गोष्ट निराळी. तो व्हॉल्व्ह या यंत्राला आहे का, असे मी ओरडून विचारले. “व्हॉल्व्ह सगळे आहेत!” मालकांनी ओरडून सांगितले. माझ्या मालकीच्या नसलेल्या पंपासाठी माझा जीव तीळतीळ तुटत होता. अखेर मी खटका दाबला.

येथे माझी चूक मी मान्य करतो. नळीच्या टोकाला लाल नोझल होते. लाल म्हणजे धारेचा पसारा शून्य अंश, पाण्याची सुईसारखी एकच धार, जी माणसाच्या कातडीतही शिरू शकते आणि जी वाहनावर कधीही मारायची नसते. पिवळे पंधरा अंशांचे, हिरवे पंचवीस, आणि गाडीसाठी चाळीस अंशांचे पांढरे. हे सर्व मला ठाऊक होते. पोराने लाल लावले, कारण लाल लावले की जोर कळतो असे त्याचे मत होते. आणि मी ते पाहूनही गप्प राहिलो, कारण खरे सांगायचे तर जोर मलाही पाहायचा होता.

जोर कळला. स्कूटरच्या पुढच्या भागावर ‘कुलस्वामिनी प्रसन्न’ अशी पिवळ्या रेडियमची ओळ होती. धार तेथून गेली आणि ‘प्र’ भिरभिरत जाऊन समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाच्या पायरीवर पडला.

इंजिन बंद झाले. काका जवळ आले. त्यांनी मोठ्याने वाचले, “कुलस्वामिनी सन्न.”

“होईलच की,” गर्दीतून कोणीतरी म्हणाले.

यंत्र दुकानाचे, नोझल पोराने लावलेले, स्कूटर काकांनी आपण होऊन उभी केलेली. तरीही सर्वांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण बंदूक माझ्या हातात होती. मालक म्हणाले की डेमोची जबाबदारी गिऱ्हाइकाची असते. हा नियम कोठे लिहिला आहे, असे मी विचारले. तो कोठेही लिहिलेला नव्हता, पण गर्दीला तो मान्य होता. मी रेडियमवाल्याला एका ‘प्र’ची किंमत विचारली. त्याने मला सांगितले की एकटा ‘प्र’ काढला तर जुन्या पिवळ्याशी नवा पिवळा जुळत नाही. २२० रुपये. ओळ लावून होईपर्यंत पोराने पांढरे नोझल लावून उरलेली स्कूटर धुतली. ती उत्तम निघाली, हे मी द्वेषाने नमूद करतो.

जाताना काकांनी खिशातून वायसर काढला. मालकांनी त्यांना नवा दिला आणि पैसे घेतले नाहीत. “मशीन चांगलं हाय,” काका मला म्हणाले, “घेऊन टाका.” माझी मोटारसायकल पेट्रोलअभावी सात रस्ता चौकाच्या अलीकडेच बंद पडली, आणि ती ढकलीत असताना एक स्वच्छ, लखलखीत, सुप्रसन्न स्कूटर माझ्या शेजारून गेली. काकांनी हात केला.

आज सकाळी मालकांचा फोन आला. पंपाविषयी त्यांनी पुण्याला विचारले असेल, या आशेने मी तो घेतला.

“साहेब, पंपाचं अजून कळलं नाही,” ते म्हणाले. “पण कालचे काका आलेत. त्यांच्या व्याह्यांची जीप आणलीय सोबत. डेमोला किती वाजता येताय, विचारायलेत.”