भूल उतरवणारं ‘ते’ इंजेक्शन

दादरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मजकूर असा: ‘भूल झटक्यात उतरवणारं इंजेक्शन निघालंय. पेशंट पाच मिनिटांत ठणठणीत, दोन तासांत घरी. बिल वाढावं म्हणून डॉक्टर देत नाहीत. नाहीच मिळालं तर कडक कॉफी पाजा.’ मी भूलतज्ज्ञ आहे. परवा एका मुलीने वडिलांना ऑपरेशनला नेताना हेच मला दाखवलं, म्हणून लिहितेय.

हे इंजेक्शन बहुधा सुगमाडेक्स. भूल देताना झोपेचं, वेदनेचं आणि स्नायू सैल करणारं अशी वेगवेगळी औषधं लागतात. सुगमाडेक्स त्यातल्या स्नायू सैल करणाऱ्या रोक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियमला धरून ठेवतं आणि स्नायूंची ताकद परत आणतं. झोप त्याने उडत नाही. झोपेसाठी दिलेल्या प्रोपोफॉलवर उताराच नाही, ते शरीरात पसरून ओसरतं. सेव्होफ्लुरेनसारखा वायू श्वासावाटे निघून जातो.

आणि ‘देत नाहीत’ हे तर साफ चूक. स्नायू सैल केले असतील तर श्वासाची नळी काढण्याआधी टेबलावरच आम्ही रिव्हर्सल, म्हणजे त्या औषधावरचा उतारा, देतो, बहुतेकदा निओस्टिग्मिन आणि ग्लायकोपायरोलेट. बाहेर बाकावर बसलेल्यांना ते दिसत नाही, एवढंच.

वेदनेसाठी दिलेल्या मॉर्फिनवर नॅलोक्सोनचा उतारा आहे. पण तो वेदनाशमनही पुसून टाकतो, ताज्या टाक्यांसकट माणूस कळवळून उठतो. शिवाय त्याचा असर मॉर्फिनच्या आधी संपू शकतो आणि श्वास पुन्हा मंदावतो. म्हणजे ते दिलं तर पेशंटवर जास्त वेळ नजर ठेवावी लागते, लवकर घरी सोडता येत नाही.

कॉफीची गोष्ट कुठून आली असावी? 2018 मध्ये अमेरिकेतला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 8 निरोगी पुरुषांना, कुठलंही ऑपरेशन न करता, आयसोफ्लुरेन या वायूची भूल दिली आणि शिरेतून कॅफीन दिलं. शुद्धीवर यायला सरासरी साडेसोळा मिनिटांऐवजी साडेनऊच्या आसपास लागली. शिरेतून, लक्षात घ्या. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात थर्मासमधली कॉफी ओतलीत तर ती फुफ्फुसात जाऊ शकते. कृपा करून हे करू नका.

डे-केअर ऑपरेशननंतर त्याच दिवशी घरी जाता येतं, पण सोबत कोणीतरी हवंच. 24 तास गाडी चालवायची नाही, लोकलच्या दारात उभं राहायचं नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर सुगमाडेक्स दिलं का ते विचारून घ्या: दिलं असेल तर पुढचे 7 दिवस दुसरं साधनही वापरावं लागतं.