मराठे घ्याल हो, पण खेळवणार कसे?

'सिव्हिलायझेशन' या साम्राज्य उभारायच्या कॉम्प्युटर गेमचा सातवा भाग फेब्रुवारी २०२५ मध्ये आला तेव्हा त्यात मौर्य होते, चोळ होते, मुघलही होते. मराठे नव्हते. आपल्या मंडळींची त्यावरची चिडचिड रास्तच आहे, पण मला वेगळीच शंका येते.

समजा उद्या डीएलसीत, म्हणजे गेमला नंतर जोडायच्या विकतच्या भागात, मराठे आले. काय मिळेल? महाराजांचा थ्रीडी चेहरा, डोंगरावर लढताना बोनस, घोडदळाचं एखादं खास युनिट. आपण खूश होऊन स्क्रीनशॉट टाकू आणि मग रोम घेऊन जे करतो तेच करू. शेजारी गाठा, राजधानी पाडा, पुढच्याकडे वळा.

कॅनडातल्या क्री लोकांच्या बाबतीत हे होऊन गेलंय. २०१८ मध्ये सहाव्या भागात त्यांचा नेता पाउंडमेकर आला, तेव्हा त्याच्याच समाजातल्या एका नेत्याने उघड हरकत घेतली. दुसऱ्यांचे मुलूख जिंकत सुटणं ही आमची रीत कधी नव्हती, ती वसाहतवाद्यांची. तीच आमच्या माथी मारताय, असा त्यांचा रोख होता. आपण मुलूख जिंकले, ते नाकारायचं कारण नाही. पण असे नाही जिंकले.

या खेळात शहर एकतर तुमचं, नाहीतर त्याचं. अठराव्या शतकातलं मराठी राजकारण बरंचसं या दोहोंच्या मधल्या जागेत चालायचं. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आले. मुलूख कागदोपत्री बादशहाचा, पण महसुलातला चौथा हिस्सा आणि वर दहा टक्के आपले. आता हे गेममध्ये करून दाखवा. सहाव्या भागात तहात दर टर्नला, म्हणजे दर खेळीला, सोनं मागता येतं, मान्य. पण ती ठरावीक टर्नची खंडणी झाली, मुदत संपली की विषय संपला. तुमचा कमाविसदार, म्हणजे वसुली अधिकारी, त्याच्या परगण्यात ठाण मांडून बसलाय आणि दोघांचीही वसुली चालू आहे, असलं काही तिथे घडतच नाही.

आणि माघार? १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी २३ किल्ले दिले, १२ राखले. खरं सांगा, पस्तिसातली तेवीस शहरं गेली तर तुमच्यापैकी किती जण तो डाव पुढे खेळतील? सरळ जुनी सेव्ह फाइल उघडाल. मीही तेच करतो, कारण खेळच तसं शिकवतो. मागे पडलात की विज्ञान मागे, सोनं मागे, सैन्य मागे, आणि ती दरी फक्त वाढत जाते. १६७० मध्ये कोंढाण्यापासून किल्ले भराभर परत घेता आले, कारण दरम्यान मुघलांचं लक्ष आणि बळ दोन्ही विखुरलं होतं. खेळातल्या बलाढ्य शेजाऱ्याचं असं लक्ष विखुरलेलं मला क्वचितच दिसतं.

सगळंच वाईट नाही. सहाव्या भागाच्या 'राइज अँड फॉल' विस्तारात निष्ठेचं जे गणित आणलं, ते मला या मालिकेतलं सगळ्यात राजकीय डोकं वाटतं. शहर जिंकलंत, पण आजूबाजूला शत्रूची भरलेली शहरं आणि तुमची माणसं लांब असतील, तर निष्ठा दर टर्नला घसरते. गव्हर्नर पाठवा, शिबंदी ठेवा, तरी कधीकधी शहर उठाव करून मोकळं होतं. अ‍ॅक्विटेनची एलिनॉर ही खेळातली नेता तर याच जोरावर तलवार न उपसता शेजाऱ्याची शहरं ओढून घेते. १७५८ मध्ये आपण अटकेपर्यंत गेलो आणि पुढच्याच वर्षी अब्दालीने पंजाब परत घेतला. का टिकला नाही, हे शाळेच्या पुस्तकापेक्षा या निष्ठेच्या आकड्याने पोरांना लवकर कळेल.

माझी खरी तक्रार घरच्या राजकारणाची आहे. १९९१ च्या पहिल्या भागात लोकशाही स्वीकारली तर सिनेट तुमच्यावर तह लादायची. तुम्ही रणगाडे सीमेवर आणून ठेवलेत आणि घरचेच लोक म्हणतायत, पुरे. चीड यायची, पण तीच तर गंमत होती! सहाव्या भागातली लोकशाही म्हणजे धोरणांची कार्डं लावायचे काही खण. युद्ध लांबलं की प्रजा कुरकुरते, एवढंच. विरोधक नाहीत, वारस नाही, भाऊबंदकी नाही. एकच नेता इसवीसनपूर्व ४००० पासून अवकाशयानापर्यंत खुर्चीवर. आमच्याकडे १७७२ मध्ये माधवराव गेले, १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला, आणि पुढचा कारभार बारभाईंनी, म्हणजे दरबारातल्या मुत्सद्द्यांच्या गटाने, काका रघुनाथरावांच्या विरोधात उभं राहून, तान्ह्या पेशव्याच्या नावाने चालवला. हा डाव कुठल्या बटणाने खेळायचा?

तेव्हा कंपनीला माझं सांगणं असं: मराठे आणाच, पण खेळाडूला एकहाती हुकूम देऊ नका. पुण्याहून मोहिमेचं पत्र सुटलं की शिंदे आणि होळकरांनी आधी एकमेकांकडे बघावं, गायकवाडांनी खर्चाची याद पाठवावी, नागपूरकरांनी उत्तरच देऊ नये. असा डीएलसी काढलात तर पूर्ण किमतीला घेतो. सेलची वाट बघणार नाही.