हलक्या ड्रेसिंगवर आलेल्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय, इलाज नाही)

मागच्या पोस्टमध्ये घरच्या घरी कमी तेलाची सॅलड ड्रेसिंग कशी करायची ते लिहिलं होतं, एक चक्का-पुदिन्याचं, एक फेसलेल्या मोहरीचं आणि एक भाजलेल्या लाल ढोबळी मिरचीचं. बऱ्याच जणांनी करून बघितलं, छान झालं म्हणून कळवलं, त्या सगळ्यांचे आभार. पण एक कमेंट अशी आलीये की तिला दोन ओळीत उत्तर देणं मला जमेना. नाव टाकलेलं नाही, नुसतं 'स्पष्टवक्ता'. जशीच्या तशी देतो, नंतर कुणी म्हणायला नको की काकांनी सोयीचं तेवढं उचललं:

"काका, एक चमचा तेल म्हणून कौतुक सांगता आणि पुढे दाण्याचं कूट ओतता, मग लो कॅलरी कसलं? चमचा म्हणजे कुठला हेपण लिहिलेलं नाही. विकतच्या लो फॅट बाटलीवर निदान आकडे तरी छापलेले असतात. चक्क्याचं ड्रेसिंग दुसऱ्या दिवशी पाणी सोडतं ते सांगितलंच नाहीत. रिटायर झालेल्या माणसांनी रविवारी मिसळ हाणायची आणि सोमवारी डाएटवर प्रवचनं द्यायची हे आता बंद करा."

आधी तुमचं खरं आहे ते मान्य करून टाकतो, म्हणजे मी हट्टी आहे असं वाटायला नको. चमचा कुठला ते लिहायचं राहिलं होतं. चहाचा चमचा, ५ मिलीचा. त्यात तेल बसतं साधारण साडेचार ग्रॅम, एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ४० च्या आसपास. कुणी मोठा १५ मिलीचा चमचा घेतला असेल तर तेच १२० होतात, पण आमच्याकडे तेल म्हटलं की बरणीतला छोटाच चमचा असतो, त्यामुळे ते वेगळं लिहायचं सुचलं नाही. किरकोळ गोष्ट आहे, पोस्टमध्ये टाकलीये. झालं.

आता त्या शेवटच्या वाक्याकडे येतो.

रिटायर झालेला माणूस म्हणजे तुम्हाला काय वाटतं हो, सकाळी गोदा पार्कवर चालून आला, पेपर वाचला आणि आता वेळ जात नाही म्हणून मोबाइलवर सॅलड शिकवत बसलाय? मी सातपूर एमआयडीसीत कँटीन चालवलंय. तिन्ही शिफ्टचं. कंपनीचं नाव घेत नाही, पण पहिल्या शिफ्टच्या नाश्त्यासाठी पहाटे साडेतीनला भट्टी पेटायची आणि तेलाचे १५ किलोचे डबे कसे बघता बघता रिकामे होतात ते मी तुमच्या बाटलीवरच्या आकड्यांवरून नाही, स्वतःच्या खिशावरून शिकलोय. तेल किती जातं हे ज्याला बिलातून कळतं त्याला चमचा शिकवायला येऊ नका.

आणि सॅलडचंच म्हणाल तर त्या कंपनीत एकदा वरच्या साहेबांना हुक्की आली, कामगारांना हेल्दी खाऊ घाला. तोवर सॅलड म्हणजे कांदा, काकडी आणि लिंबाची फोड, लोक खुशीत खात होते. मग आदेश आला की कोबी-गाजराचं सॅलड ठेवा आणि त्यावर विकतचं क्रीमी ड्रेसिंग, तेही त्यांनीच पाठवलेलं. सकाळी अकराला कालवून ठेवायचं, कारण लाइन लागली की वेळ नसतो. दुसऱ्या शिफ्टची माणसं जेवायला येईपर्यंत परातीच्या तळाशी बोटभर पांढरट पाणी, वर लोळागोळा झालेला कोबी आणि कडेला ते मेयोनीज दाण्यादाण्यांनी चिकटलेलं. कुणी हात लावायचं नाही. सगळं खरकट्यात. साहेब म्हणायचे कामगारांना सवय नाही. सवय कसली, ड्रेसिंगमध्ये मीठ असतं, मीठ लागलं की चिरलेल्या भाजीतलं पाणी बाहेर येतं, आपल्या बायका काकडी चोचवून पिळून घेतात ते काय उगाच? पाणी सुटलं की ड्रेसिंग पातळ होतं, पातळ झालं की चव लागत नाही, मग माणूस आणखी ओततो, आणि तिथे तुमच्या कॅलरी वाढतात. रेसिपीत नाही, ओतण्यात वाढतात. हे मी त्या परातीपुढे उभा राहून शिकलोय.

मग मी काय केलं, कोबी कोरडा ठेवला, ड्रेसिंग वेगळं आणि पातेल्याच्या तळाला पळीभर घालून त्यावर भाजी टाकून हाताने वरखाली करायची, वरून ओतायचं नाही. तळाला घातलं की प्रत्येक तुकड्याला पुसट लागतं, वरून ओतलं की वरचे चार तुकडे न्हाऊन निघतात आणि खालचे कोरडे. निम्म्या ड्रेसिंगमध्ये काम व्हायला लागलं. पालेभाजी असेल, लेट्यूस वगैरे, तर धुतल्यावर जुन्या पंच्यात गुंडाळून चांगली झटकायची, ओल्या पानावर ड्रेसिंग ठरत नाही, घसरून तळाला जातं. ही माहिती बाटलीवर छापलेली असते का? नसते. मग प्रवचन म्हणा नाहीतर काही म्हणा. खरं प्रवचन ऐकायचं असेल तर पंचवटीत काळारामाच्या देवळाकडे जा, आमच्याकडे फुकट स्वयंपाकच मिळेल.

मिसळीचं. हो, खातो. नाशिकमध्ये राहून रविवारी मिसळ खायची नाही तर काय करायचं, बाल्कनीत बसून लेट्यूस चावायचं? मखमलाबादकडे मळ्यात बसून काळ्या मसाल्याची मिसळ, बरोबर पापड, दही, शेवटी जिलबी, सगळं खातो आणि लपवतही नाही. तुम्हाला कुणी सांगितलं की मिसळ खाणाऱ्याला हलकं जेवण कळत नाही? उलट ज्याला रविवारी रस्सा पाहिजे त्यालाच उरलेले सहा दिवस तेल मोजावं लागतं. माझ्या रिपोर्टमध्ये फॅटी लिव्हर निघालं, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वर गेलेलं, डॉक्टरांनी सांगितलं तेल आणि साखर दोन्ही आवरा. त्यानंतर मी ही ड्रेसिंग करायला लागलो, आणि पुढचे रिपोर्ट बरे आले. आता तुम्ही म्हणाल चालायलाही लागला असाल. लागलो. मग?

तुमचा मुलगा किंवा मुलगी तुमच्या वडिलांशी या सुरात बोलली तर चालेल का, एवढंच विचारतो. 'काका' म्हणून सुरुवात करायची आणि 'हाणायची' म्हणून शेवट करायचा, ही कुठली पद्धत. मतभेद असू द्या, माझी मिसेस रोज करते मतभेद, पण ती 'बंद करा' म्हणत नाही. (म्हणते, पण ते वेगळ्या विषयावर.)

आता बाटली. आकडे छापलेले असतात म्हणता ना, मग ते वाचता का? खरं मेयोनीज म्हणजे सत्तर-ऐंशी टक्के तेल. ते कमी करून लो फॅट करायचं तर त्या जागी काय भरणार? पाणी. पाणी घट्ट दिसायला स्टार्च आणि डिंकाचे प्रकार, आणि तेल गेलं की आंबट जिभेला झोंबतं म्हणून साखर. घटक जास्तीत जास्त वजनाचा पहिला या क्रमाने लिहिलेले असतात, साखर कितव्या नंबरला आहे बघा. 'लो फॅट' लिहायचं तर घट्ट पदार्थात १०० ग्रॅमला ३ ग्रॅमपेक्षा जास्त फॅट चालत नाही, असा आपल्याकडे एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे, पण लोक नुसतं 'लाइट' वाचून पण बाटली उचलतात, आणि बाटलीवर जे सर्व्हिंग छापलेलं असतं तेवढंच कोण घेतं ते मला दाखवा. आकडा छापलाय म्हणून पोटात तेवढंच जातं असं नाही, हे परत सांगायला लागतंय.

आणि तेल शून्य करा असं मी कुठेच म्हटलेलं नाही, ते मुद्दाम. गाजर, टोमॅटो, पालेभाज्या यांच्यातलं कॅरोटिनॉइड (पिवळं-केशरी-लाल रंगद्रव्य) अंगी लागायला थोडं फॅट लागतंच. २००४ मध्ये अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना सॅलड खायला घालून त्यांचं रक्त तपासलं होतं, बिनफॅट ड्रेसिंग घातलेल्या सॅलडमधून कॅरोटिनॉइड जवळपास काही शोषलंच गेलं नाही. फुल फॅटवाल्यात कमी फॅटवाल्यापेक्षा जास्त शोषलं गेलं हेही त्यात आहे, ते लपवत नाही, पण आपल्याला वजनही सांभाळायचंय, म्हणून चमचाभर. शिवाय जेवणात पोळीला तूप असतं, भाजीला फोडणी असते, नुसतं सॅलड खाऊन कोण उठतं.

त्यात माझं फेसलेल्या मोहरीचं ड्रेसिंग तुम्ही नीट वाचलंच नाही असं दिसतंय, कारण त्यावर एक शब्द नाही. सगळी गंमत तिथे आहे. फिरंगी ड्रेसिंगचा नेहमीचा हिशोब तीन भाग तेल, एक भाग आंबट. दोन मोठे चमचे अंगावर घेतले की त्यात दीड मोठा चमचा तेल, म्हणजे एका माणसाला १८० कॅलरी, भाजी अजून मोजलेली नाही. मी काय करतो, अर्धा चहाचा चमचा मोहरी खलात बारीक करतो आणि थंड पाण्याचे थेंब घालत फेसतो. गार पाणीच. मोहरीचा झणका कोरड्या दाण्यात तयार नसतो, दाणा फुटून पाणी लागलं की आतले दोन घटक भेटतात तेव्हा तो निघतो, गरम पाणी घातलंत किंवा आधीच लिंबू पिळलंत तर तो नीट येतच नाही. नाकात गेला, डोळ्यात टचकन पाणी आलं की समजायचं झाली. दहा मिनिटं तशीच ठेवायची, मग दोन मोठे चमचे लिंबाचा रस, मीठ, चिमूटभर गूळ, तीन मोठे चमचे ताक आणि शेवटी तो एक छोटा चमचा तेल, सगळं जॅमच्या रिकाम्या बाटलीत घालून खळखळ हलवायचं. मोहरीच्या सालीत जो चिकटा असतो तो पाणी आणि तेल धरून ठेवतो, म्हणून एवढ्याशा तेलातही ते अंगाला चिकटतं, फाटत नाही. ताक आंबटपणाची धार मारतं, ते काम नेहमी तेलाकडे असतं. चौघांचं मिळून ऐंशीच्या आसपास कॅलरी. माणशी २०. घ्या तुमचा आकडा.

गुळाऐवजी भिजवलेले बेदाणे वाटून घातले तरी छान लागतात, आपल्याकडे त्यांना काय तोटा. आणि जानेवारीत पहिली द्राक्षं येतात ना, गोडी न भरलेली, दात आंबवणारी, लोक नाक मुरडतात, ती ठेचून गाळून लिंबाच्या जागी घालून बघा, लिंबापेक्षा मवाळ आंबट येतं. धुवून घ्या मात्र नीट, मिठाच्या पाण्यात बुडवून मग नळाखाली, बागेत फवारे किती बसतात ते नाशिककरांना सांगायला नको. हे मागच्या पोस्टमध्ये नव्हतं, तुमच्या निमित्ताने बाकीच्यांना मिळालं, तेवढे तुमचे आभार.

चक्क्याला पाणी सुटतं याचं उत्तर, सुटणारच, दही आहे ते. मीठ खाताना घाला, आधी नको, आणि पुदिना चिरून पिळून घाला. तरी सुटलं तर ढवळा, नाहीतर त्या पाण्यात कणीक भिजवा. दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवताच कशाला, वाटीभर करायचं आणि संपवायचं. लाल ढोबळी मिरचीचं फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकतं, गॅसवर काळी होईपर्यंत भाजायची, झाकून ठेवायची, साल सुटते, मग लसणाची पाकळी आणि लिंबू घालून मिक्सर. त्यात तेलाची गरजच पडत नाही, गर इतका दाट निघतो. ते ज्यांना पाणी नको त्यांच्यासाठी.

राहिलं दाण्याचं कूट, ज्यावरून एवढं रामायण. दोन मोठे चमचे कूट म्हणजे शंभरेक कॅलरी धरा, चौघांत २५. हो, बाकीच्या सगळ्या ड्रेसिंगपेक्षा ते जास्त होतात, आधीच मोजलंय मी, तुम्ही सांगायची गरज नव्हती. पण त्यात प्रोटीन असतं, आणि खमंगपणा असा येतो की आमच्या नातवंडांनी त्याच्याशिवाय कोबी खाल्ला नसता. ज्यांना २५ कॅलरीची एवढी धास्ती वाटते त्यांनी घालू नये, मी काही त्यांच्या घरी येऊन टाकत नाही.

तुमची कमेंट उडवणार नाही. चमच्याचा बदल मूळ पोस्टमध्ये केलाय. कूट आहे तसंच आहे.