खोल तळे, उभ्या कडा आणि गप्पी मासे : एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

मार्च उजाडला, उन्हाचा चटका वाढू लागला की पक्ष्यांसाठी बागेत तळे करण्याचा सल्ला देणारा एक संदेश घरोघरच्या फोनवर दरवर्षी नव्याने फिरू लागतो. त्यात सांगितलेली कृती थोडक्यात अशी : दोन-अडीच फूट खोल, उभ्या कडांचा खड्डा घ्यावा व त्यात प्लास्टिकचा कागद अंथरावा, डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडावेत आणि सोबतीला बाजारात मिळणारे छोटे कासव ठेवावे, शोभेसाठी जलपर्णी टाकावी, पाणी हिरवे पडू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालावे, तळे झाडीच्या आडोशाला ठेवावे आणि खंड्याने मासे पळवू नयेत यासाठी वर नायलॉनची जाळी ताणावी. हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात पाखरांविषयी कळवळा असतो याबद्दल मला शंका नाही. परंतु ही कृती जशीच्या तशी केली तर जे तयार होईल ते पाणवठा नसून सापळा असेल, आणि म्हणूनच तिच्यातील एकेका मुद्द्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत घातक मुद्दा पहिलाच आहे. तळे खोल असावे, कारण उथळ पाणी एप्रिलच्या उन्हात तापते आणि लवकर आटते, असे त्याचे समर्थन केले जाते. त्यात तथ्य आहे, आणि तळ्याचा मधला भाग दीड-दोन फूट खोल ठेवण्यास हरकतही नाही. हरकत आहे ती उभ्या कडांना. चिमणी, बुलबुल, दयाळ किंवा साळुंकी हे पक्षी अंघोळीसाठी एक-दोन इंच पाण्यात उतरतात. पायाखाली जमीन लागली नाही तर ते एक तर उतरतच नाहीत किंवा उतरले तर भिजलेल्या पंखांनी त्यांना वर उठता येत नाही. खारी, सरडे, मुंगसाची पिल्ले हे सारे काठावरून वाकून पाणी पितात, आणि ओल्या प्लास्टिकवरून पाय घसरला की आत जातात.

"प्राण्यांना उपजतच पोहता येते, ते आपले आपण बाहेर येतात," असे यावर हमखास सांगितले जाते. पोहता येते हे खरे. पण पोहणे म्हणजे बाहेर पडणे नव्हे. जुन्नर भागात उसाच्या पट्ट्यात कठडे नसलेल्या विहिरींत बिबटे पडतात, तेव्हा वनखात्याची माणसे दोरांनी बाज किंवा शिडी आत सोडतात. बिबट्या उत्तम पोहतो, तरीही पकडायला काही मिळाले नाही तर तो थकून बुडतो. 2016 मध्ये सुरू झालेल्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेनंतर राज्यात शेततळ्यांची संख्या पुष्कळ वाढली, आणि ज्या तळ्यांना प्लास्टिकचे अस्तर आहे त्यांच्या उतारावर शेवाळ धरले की माणसालाही उभे राहता येत नाही. जाणते शेतकरी म्हणूनच अशा तळ्याला कुंपण घालतात आणि काठाला गाठी मारलेले दोर किंवा शिडी बांधून ठेवतात. बागेतले तळे हे त्याच शेततळ्याचे धाकटे रूप आहे. तिथे बिबट्याऐवजी खार असते, एवढाच फरक.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. आमच्या परसात जुना सिमेंटचा हौद होता, गळ्यापर्यंत भरलेला नव्हे, तर काठापासून वीतभर खाली पाणी असलेला. एका सकाळी त्यात खारीचे एक पिल्लू तरंगताना सापडले. हौदाच्या आतल्या भिंतीवर हिरव्या शेवाळाचा थर होता, आणि पाण्याच्या रेषेच्या वर, चारही बाजूंना, बारीक नखांच्या तीन-तीन, चार-चार रेघा त्या शेवाळात उमटलेल्या होत्या. पिल्लाने सगळा हौद फिरून प्रत्येक भिंत चाचपून पाहिली होती. त्याच दिवशी मी हौदात एक खडबडीत फळी तिरपी टाकली आणि तिच्या शेजारी गोणपाट लोंबते सोडले. त्यानंतर त्या हौदात एकही जीव मेलेला आढळला नाही. पुढे पावसाळ्यात तर त्याच गोणपाटाला धरून नखाएवढी बेडकाची पिल्ले एकामागून एक वर येताना मी पाहिली.

म्हणून तळे करायचे असेल तर निदान एक बाजू अशी ठेवावी की एक फूट खोली गाठायला किमान तीन फूट उतार लागेल. त्या उतारावर प्लास्टिक उघडे दिसता कामा नये. वाळू, गोटे आणि खडबडीत दगड त्यावर पसरावेत. कागदाखाली जुने गोणपाट अंथरले तर तो दगडांनी फाटत नाही. पाण्याची पातळी उन्हाळ्यात खाली जाते, तेव्हा उतार तळापर्यंत पोहोचलेला आहे ना, हे पाहावे. वरच्या चार इंचांपुरताच केलेला उतार मे महिन्यात कोरडा पडतो, आणि खाली पुन्हा उभी भिंतच उरते.

गप्पी माशांचा मुद्दा अधिक नाजूक आहे, कारण त्यामागे आरोग्य खात्याच्या मोहिमांचे वजन आहे. बांधकामावरच्या टाक्या, वापरात नसलेल्या विहिरी, पडीक हौद यांत गप्पी सोडण्याला माझा विरोध नाही. तिथे दुसरे जीवन नसते आणि डासांचा धोका खरा असतो. पण वन्यजीवांसाठी केलेल्या तळ्यात हे मासे डासांच्या अळ्यांवरच थांबत नाहीत. बेडकांची अंडी, नुकती फुटलेली शेपटीची पिल्ले, चतुरांच्या लहान अळ्या, पाण्यातले बारीक कीटक, जे तोंडात मावेल ते त्यांना चालते. गप्पी दक्षिण अमेरिकेतला. त्याच्याच नावाखाली अनेकदा दिला जाणारा गॅम्बुशिया हा उत्तर अमेरिकेतला मासा 1928 मध्ये डासनिर्मूलनासाठी भारतात आणला गेला, आणि आज जगातील सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचे नाव आहे. दोन्ही मासे थेट पिल्ले देतात, त्यामुळे संख्या झपाट्याने वाढते, आणि पहिल्या मोठ्या पावसात तळे भरून वाहिले की ते नाल्यात आणि तिथून ओढ्यात जातात.

मग डासांचे काय? हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. उन्हाळी हवेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंतचा प्रवास साधारण आठ-दहा दिवसांत पुरा होतो. त्यामुळे पक्ष्यांसाठी ठेवलेले मातीचे पसरट भांडे दर तीन-चार दिवसांनी रिकामे करून काथ्याने घासावे. घासणे महत्त्वाचे आहे, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या किंचित वर भांड्याच्या कडेला अंडी चिकटवतो आणि ती कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. नुसते पाणी ओतून दिले तर अंडी जागीच राहतात. तळे मात्र दर आठवड्याला उपसता येत नाही. तिथे हे काम चतुर, टाचण्या (चतुरांचेच नाजूक भाऊबंद) आणि पाणकिडे करतात. चतुराची अळी तळाशी गाळाच्या रंगाची होऊन बसते. तिचा खालचा ओठ हनुवटीखाली घडी घालून ठेवलेला असतो, आणि डासाची अळी टप्प्यात आली की तो ओठ क्षणार्धात पुढे झेपावतो व तिला पकडून तोंडाशी आणतो. पावसाळ्यात थव्यांनी दिसणारे पिवळसर चतुर तर अशा तात्पुरत्या पाण्यातच अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या दीड-दोन महिन्यांत वाढून उडून जातात. मासे सोडले की ही सारी फौजच नाहीशी होते. नव्या तळ्यात पहिले काही आठवडे ही मंडळी पोहोचलेली नसतात, तेव्हा बीटीआय हे जिवाणूंपासून केलेले औषध वापरता येते. 1976 मध्ये इस्राएलमध्ये सापडलेला हा जिवाणू डासांच्या अळ्यांनी गिळल्यावर त्यांच्या आतड्यावर परिणाम करतो. पक्ष्यांना आणि बेडकांना त्याची बाधा होत नाही.

मोरचुदाविषयी फार लिहिण्याची गरज नसावी. ते तांब्याचे क्षार आहे. मासे, गोगलगायी आणि बेडकांची पिल्ले यांना ते विषारी ठरते, आणि चिमूट हे काही माप नव्हे. ब्लिचिंग पावडर, फिनेल, रॉकेल यांनाही तोच न्याय लागू आहे. रॉकेलाचा तवंग पिसांना लागला तर पिसांचा जलरोधकपणाच जातो. पाणी थोडे हिरवे असणे हा रोग नाही. कडक ऊन तळ्यावर दिवसभर येत असेल तर दुपारची सावली मिळेल अशी व्यवस्था करावी, आणि नळाचे पाणी भरायचे असल्यास ते एक दिवस उघड्या बादलीत ठेवून क्लोरीन उडून गेल्यावर घालावे. सिमेंटचा हौद नवा असेल तर चुन्याचा अंश निघून जाईपर्यंत तो दोन-तीनदा भरून उपसावा.

जलपर्णीची जांभळी फुले सुंदर दिसतात हे मान्य. पण पुण्याच्या पाषाण तलावाची किंवा इंद्रायणी-पवनेच्या पात्राची अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांनी तरी हा सल्ला पुढे पाठवू नये. अनुकूल हवेत ती साधारण पंधरवड्यात दुप्पट होते, पाणी झाकून टाकते, आणि कुजली की पाण्यातला प्राणवायू कमी करते. काठाच्या ओलाव्यात ब्राह्मी आणि वेखंड लावावे, खोल भागात कुमुद ठेवावे. ब्राह्मीच्या पसरत्या वेलीवर मधमाश्या बसून पाणी पितात, बुडत नाहीत.

आडोशाचा सल्ला उलटा आहे. भिजलेला पक्षी काही क्षण जड आणि संथ असतो, आणि मांजराला नेमके तेच हवे असते. तळ्याभोवती पाच-सहा फूट जागा मोकळी असावी, आणि त्यापलीकडे पंख वाळवायला लिंबू किंवा कढीपत्त्यासारखे झाड असावे. नायलॉनच्या जाळीत धामण अडकते आणि सुटण्याच्या धडपडीत तिची कातडी कापली जाते. पक्ष्यांचे पायही गुंततात. खंड्या आणि ढोकरी बगळे आलेच तर ते आपले पाहुणेच आहेत. त्यांना अडवण्यासाठी जाळी लावायची, तर तळे कोणासाठी केले?

राहिले कासव. बाजारात पिल्लू म्हणून मिळणारे, कानामागे लाल पट्टा असलेले कासव अमेरिकेतले आहे, तेही त्याच शंभरांच्या यादीत आहे, आणि ते वाढून ताटाएवढे होते. देशी कासव पाळणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे. ज्यांच्याकडे लाल पट्ट्याचे कासव आधीच आहे त्यांनी कंटाळा आला म्हणून ते नदीत किंवा तलावात सोडू नये. ते बंदिस्त टाकीतच सांभाळावे आणि सांभाळणे शक्य नसेल तर जवळच्या वनकार्यालयात किंवा प्राणी-बचाव संस्थेत विचारणा करावी.