सलाईनचा पंप आणि रोलर सैल करण्याचा सल्ला

‘सलाईनला पंप लावतात तो केवळ बिल फुगवण्यासाठी, अनुभवी नर्स थेंब मोजून तेच काम करते, तेव्हा पंप काढायला सांगा, तो वाजू लागला तर बंद करा आणि सलाईन संथ वाटले तर रोलर थोडा सैल करा,’ असा संदेश सध्या व्हॉट्सॲपवर फिरत आहे. माझ्या मावसभावाने तो वाचून मावशीच्या आयसीयूतल्या सिस्टरांशी वाद घातला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. पंप म्हणजे ठरवलेल्या वेगाने औषध शिरेत ढकलणारे यंत्र, तर रोलर म्हणजे सलाईनच्या नळीवरची, वेग हाताने कमीजास्त करायची चकती.

थेंब मोजून भागते, हे साध्या सलाईनपुरते खरे आहे. प्रौढ रुग्णाला तासाला १०० मिली द्यायचे असेल, तर २० थेंबांना १ मिली देणाऱ्या सेटमधून (म्हणजे सलाईनच्या नळीतून) मिनिटाला ३३ थेंब पडावे लागतात. त्यात दोन इकडेतिकडे झाल्याने सहसा बिघडत नाही. तिथे कोणी पंपाचा आग्रह धरला, तर कारण जरूर विचारावे. मावशीला मात्र रक्तदाब टिकवणारे नॉरॲड्रेनॅलिन तासाला ५ मिली चालू होते. त्याच सेटमधून हा दर साधायचा तर मिनिटाला दोन थेंबही पडता कामा नयेत, आणि रुग्णाने हात दुमडला तरी थेंबांचा वेग बदलतो. या औषधाचा असर मिनिटांत ओसरत असल्यामुळे तेवढ्यानेही रक्तदाब कोसळू शकतो.

अमेरिकेतील ‘इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस’ ही संस्था, चूक झाल्यास गंभीर इजा करणाऱ्या औषधांची यादी प्रसिद्ध करते. नॉरॲड्रेनॅलिन, इन्सुलिन, हेपॅरिन, ऑक्सिटोसिन आणि शिरेतून द्यायचे पोटॅशियम तीत आहे. पंप कधी हवा, याचे बरेचसे उत्तर तिथेच मिळते. या औषधांखेरीज नवजात बाळांनाही पंप हवा, असे धरावे.

रोलर सैल करण्याचा सल्ला तर जीवघेणा आहे. पोटॅशियम मिसळलेली बाटली, लेबल सोडले तर, साध्या सलाईनसारखीच दिसते. हातातल्या शिरेतून ते सर्वसाधारणपणे तासाला १० मिलिइक्विव्हॅलंटच्या (हे पोटॅशियम मोजण्याचे एकक) आत देतात. बाटली भराभर संपवली तर हृदय थांबू शकते. ‘संथ वाटणे’ हा तिथे दोष नसून उपचार असतो, हे संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. पंप वाजतो तोही नळीत हवा आली, प्रवाह अडला किंवा औषध संपत आले म्हणून.

पंप चुकतात, हे मान्य. अमेरिकेच्या एफडीए या औषधे व वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे २००५ ते २००९ या काळात पंपांशी संबंधित सुमारे ५६,००० तक्रारी आल्या होत्या. सुई शिरेबाहेर सरकली, तरी पंप पुष्कळदा न वाजता औषध ढकलत राहतो. नातेवाइकांना लक्षच ठेवायचे असेल, तर ते हातावरच्या सुजेकडे ठेवावे आणि ती दिसताच, पंपाला हात न लावता, सिस्टरांना बोलवावे.